आंबलेले पाय आणि वनौषधींच्या कॅप्सूल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

थंडी सुरू झाली की नागपुरात अंबाझरी, फुटाळा आणि सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढते आणि पाठोपाठ या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाय दुखण्याच्या तक्रारीही वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांची मागणी एकच आहे : वेदनाशामक गोळी नको, काहीतरी आयुर्वेदिक किंवा हर्बल सांगा. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. औषधशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे आणि धावणे ही अनेक वर्षांची आवड आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. सहा महिन्यांपासून धावते. सपाट रस्त्यावर आठ किलोमीटर धावले तरी काही होत नाही, पण रविवारी आमचा गट सेमिनरी हिल्सला जातो आणि त्यानंतर सोमवारपेक्षा मंगळवारी मांड्या इतक्या आंबलेल्या असतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गटातल्या मैत्रिणी हळदीच्या आणि अश्वगंधेच्या कॅप्सूल घेतात. सासूबाई म्हणतात, रात्री हळदीचे दूध पी, कॅप्सूल कशाला? कोणाचे ऐकावे? — एक वाचिका, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती कॅप्सूलविषयीची नाही, ती उताराविषयीची आहे. टेकडी चढताना दम लागतो, पण मांड्या आंबतात त्या उतरताना. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचा भार पेलत असतानाच लांब व्हावे लागते. घाट उतरणारा ट्रक जसा सतत ब्रेकवर असतो, तसे हे स्नायू पूर्ण उतारभर ब्रेकचे काम करतात. या ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, तिच्या दुरुस्तीसाठी तेथे दाह निर्माण होतो आणि तो वाढत जाऊन साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतो. म्हणून तुमचा मंगळवार सोमवारपेक्षा जड जातो. या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच केले होते. तरीही 'पायात लॅक्टिक ॲसिड साचले' असे धावणारे अजून एकमेकांना सांगतात. हे ॲसिड धावणे थांबल्यावर तासाभरातच रक्तातून निघून जाते, त्यामुळे मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

आता हळद. सासूबाईंचे अर्धे बरोबर आहे. हळदीतील कर्क्युमिन हा घटक दाह कमी करतो आणि व्यायामानंतरचा दुखरेपणा त्याने थोडा कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. अडचण मात्रेची आहे. साध्या हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर त्यातून ४५ मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन मिळते. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे आणि तिच्यात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या घरात सांगितले जाते. ती वापरली तरी पेल्यात ९० मिलिग्रॅमच पडते. चाचण्यांत मात्र रोज १५० मिलिग्रॅमपासून काही ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलेले आहे. शिवाय ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पिपरीन २० मिलिग्रॅम दिले तर हे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते. हळदीच्या दुधात मिरपूड घालण्याची जुनी रीत म्हणूनच निरर्थक नाही. तरीही पेलाभर दुधाने दुसऱ्या दिवशीचा जिना सोपा होईल असे मी सांगू शकत नाही. ते आवडीने प्यावे, झोप चांगली लागत असेल तर अवश्य प्यावे, औषध समजून त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग कॅप्सूल का नको? कारण जे शोषण वाढवते तेच धोकाही वाढवू शकते. हळदीची पूरके घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण २०१९ मध्ये इटलीत नोंदले गेले आणि अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये असे दहा रुग्ण तपशीलवार मांडले. हे प्रकार विरळ आहेत हे खरे. तथापि काही दिवसांत आपोआप बरे होणाऱ्या दुखण्यासाठी यकृताची विरळ जोखीमही का पत्करावी, असा मला प्रामाणिक प्रश्न पडतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर या कॅप्सूल टाळाव्यातच, कारण जास्त मात्रेतील हळदीने लघवीतील ऑक्झॅलेट वाढते. पित्ताशयात खडे असतील तरी तोच सल्ला.

अश्वगंधेबद्दल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक भारतीय चाचणी नेहमी पुढे केली जाते. तिच्यात ५७ पुरुषांना आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला होता. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांची ताकद अधिक वाढली आणि स्नायूंची इजा दाखवणारे रक्तातील एंझाइम कमी वाढले. निष्कर्ष आशादायक आहेत. पण ते सर्व पुरुष होते, वजने उचलणारे होते आणि धावणे हा त्या चाचणीचा विषयच नव्हता. अश्वगंधेने थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळी वाढू शकते आणि तुमच्या वयोगटातील अनेक स्त्रिया थायरॉइडची गोळी घेतात. त्यामुळे मैत्रिणीला चालले म्हणून तुम्हाला चालेल, असे धरून चालू नका. गरोदरपणात ती पूर्णपणे टाळावी. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे शतकानुशतके वापर आहे तो मुळाचा, आणि बाजारातील काही अर्कांत पाने मिसळली जातात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली होती. म्हणून घ्यायचीच झाली तर पाकिटावर 'मूळ' असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती सुंठ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ११ दिवस रोज २ ग्रॅम आले दिले आणि मग दंडाच्या स्नायूंना मुद्दाम दुखवणारा व्यायाम करवला. चोवीस तासांनंतरचे दुखणे आले घेणाऱ्यांत सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. दोन ग्रॅम म्हणजे सुंठपुडीचा एक लहान सपाट चमचा किंवा अंदाजे १० ग्रॅम ओले आले, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. हे स्वयंपाकघरातले प्रमाण आहे, त्यासाठी बाटली विकत घ्यावी लागत नाही. यातील खुबी अशी की ते आधीपासून रोज घेतलेले होते. सोमवारी संध्याकाळी पाय ठणकू लागल्यावर आल्याचा चहा केला तर या प्रयोगाचा आधार त्याला मिळत नाही. पोटात जळजळ होत असेल तर प्रमाण निम्मे करावे.

आणि खरा उपाय? सलग तीन-चार रविवार सेमिनरी हिल्सला जा, पण पहिल्या रविवारी उतार फक्त एकदाच धावून उतरा, बाकी वेळा चालत उतरा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा. एकदा उताराचा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने पूर्वीइतका दुखत नाही. स्नायूंचे हे शिकणे कोणत्याही वनौषधीपेक्षा अधिक खात्रीचे आहे.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करतो. दोन महिन्यांपूर्वी मैदानावरच्या एकाने एक 'जडीबुटी पावडर' आणून दिली. कागदाच्या पुडीत येते, नाव-गाव काही नाही. सकाळी एक चमचा घेतली की तासाभरात सगळे दुखणे गायब होते. आता भूक खूप वाढली आहे, वजन वाढले आहे आणि घरचे म्हणतात चेहरा सुजल्यासारखा दिसतो. चालू ठेवू का? — एक वाचक, मानकापूर

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला खरोखर काळजी वाटली, म्हणून ते छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला वेगळे उत्तरही पाठवले आहे. इतर वाचकांसाठी ते येथे मांडते.

कोणतीही वनस्पती तासाभरात स्नायूंचे सगळे दुखणे पुसून टाकत नाही. सुंठ, हळद, अश्वगंधा यांचा जो काही परिणाम दिसतो तो दिवसांनी किंवा आठवड्यांनी आणि तोही अंशतः. जी पुडी तासाभरात चमत्कार करते तिच्यात बहुधा वेदनाशामक औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेले असते. ही माझी नुसती शंका नाही. सांधेदुखीवर 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लपवलेले आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता. वाढलेली भूक, वाढलेले वजन आणि भरलेला चेहरा ही तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे स्टेरॉइडशी तंतोतंत जुळतात.

आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. पुडी चालू ठेवायची नाही, पण दोन महिने घेतल्यानंतर ती स्वतःच्या मनाने एकाएकी बंदही करायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते आणि अचानक खंड पडल्यास रक्तदाब घसरणे, उलट्या, तीव्र अशक्तपणा असे गंभीर प्रकार होऊ शकतात. उरलेली पुडी बरोबर घेऊन उद्याच मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांपैकी एकाच्या मेडिसिन ओपीडीत जा आणि हे सगळे जसेच्या तसे सांगा. लाजू नका. फसवणूक तुमची झाली आहे. तपासणी होईपर्यंत जोरदार सराव थांबवा.

तुमच्याबरोबर तयारी करणाऱ्या मुलांनाही दोन गोष्टी सांगा. कडक सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर ती स्नायू मोठ्या प्रमाणात तुटत असल्याची खूण असू शकते, त्यातून मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरे म्हणजे धावण्याआधी आणि धावताना वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय लावून घेऊ नये. ८० किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्यांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या आणि न घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांच्या मूत्रपिंडावर ताण दिसला. तुमचे अंतर फार कमी आहे, पण नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत शरीरातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंडाला आणखी एक ओझे देणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. डॉक्टरांच्या परवानगीने अंबाझरीला रोज चालतो आणि मधे मधे हळू धावतो. मांड्या आणि खांदे दुखतात. मुलाने कर्क्युमिन-पिपरीनच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत आणि एका परिचितांनी सालई गुग्गुळ सुचवला आहे. — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : मुलाचे प्रेम समजते, पण ती बाटली कृपया उघडू नका. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि मोठ्या मात्रेतील कर्क्युमिन याच दिशेने काम करू शकते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचे पूरक सुरू केल्यावर त्याचे रक्त धोकादायक पातळीपर्यंत पातळ झाल्याची नोंद न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली होती. पिपरीन तर कर्क्युमिनबरोबरच इतर काही औषधांचेही शोषण वाढवते, म्हणजे मोजून दिलेली मात्रा मोजलेली राहत नाही. भाजीतली हळद आणि मिरी यांना काहीही हरकत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही धावता पायांनी आणि दुखतात खांदेही. ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या औषधांनी काही रुग्णांचे स्नायू दुखतात, बहुधा दोन्ही बाजूंचे आणि मोठ्या स्नायूंचे. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना हे दुखणे आवर्जून सांगा, ते सीपीके ही रक्ततपासणी करून औषध किंवा मात्रा बदलायची का ते ठरवतील. गोळी स्वतःहून बंद करू नका, स्टेंट असलेल्या माणसासाठी ती फार महत्त्वाची आहे.

सालईविषयी थोडे अधिक लिहिते, कारण हे झाड आपले आहे. विदर्भातील कोरड्या जंगलांत, मेळघाटपासून पेंचपर्यंत, खडकाळ उतारांवर सालई उभी दिसते आणि तिच्या खोडातून पाझरणारा डिंक म्हणजेच सालई गुग्गुळ. गुडघ्याच्या संधिवातावर या डिंकाच्या अर्काची चाचणी नागपुरातल्याच डॉक्टरांनी केली होती, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीस रुग्णांना आळीपाळीने आठ आठवडे अर्क आणि आठ आठवडे निष्क्रिय कॅप्सूल दिल्या गेल्या. अर्काच्या काळात वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, क्ष-किरण चित्रात मात्र फरक पडला नाही. चाचणी लहान असली तरी तिची रचना चांगली होती आणि नागपूरकर म्हणून मला तिचे कौतुक आहे. परंतु झिजलेला सांधा आणि धावण्याने आंबलेला स्नायू ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुमची तक्रार स्नायूंची आहे आणि औषधे तीन चालू आहेत, म्हणून तुमच्यासाठी सालईही आत्ता नको. आधी ती रक्ततपासणी होऊ द्या.

प्रश्न : शर्यतीच्या आधी आणि नंतर होमिओपॅथीच्या अर्निका ३० च्या गोळ्या घेतल्या तर पाय दुखत नाहीत, असे आमच्या गटात सगळे मानतात. खरे आहे का? — एक वाचिका, मनीषनगर

उत्तर : लंडन मॅरेथॉनच्या शेकडो धावपटूंवर याची काटेकोर चाचणी झाली आणि ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना अर्निका आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या होत्या आणि कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुखण्यात अर्निकाचा फायदा आढळला नाही. त्या गोळ्यांनी अपायही होत नाही. मात्र अर्निकाच्या फुलांचा मूळ अर्क पोटात घेणे विषारी आहे, तो आणि या गोळ्या यांची गल्लत होऊ देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयाच्या क्रॉस-कंट्री संघात आहे. रोज सराव करून आली की दोन्ही पायांना गंधपुरा तेल भरपूर चोळते, वरून बाम लावते आणि गरम पट्टा बांधून झोपते. वनस्पतीचेच तेल आहे, म्हणून मी काही बोलत नाही. घरात चार वर्षांचा नातूही आहे. हे योग्य आहे का? — एक आई, हुडकेश्वर

उत्तर : ताई, या वेळी बोला. गंधपुरा तेल जवळजवळ संपूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असते. ते ॲस्पिरिनच्या कुळातले रसायन आहे आणि ते त्वचेतून रक्तात उतरते. बहुतेक बामांतही तेच असते, म्हणजे तुमची मुलगी एकच औषध दोन थरांत लावते आणि वर उष्णता देऊन त्याचे शोषण आणखी वाढवते. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांची एक क्रॉस-कंट्री धावपटू अशाच मलमांच्या अतिवापराने शरीरात साचलेल्या मिथाइल सॅलिसिलेटमुळे मृत्युमुखी पडली. असे क्वचितच घडते, पण तुम्ही वर्णन केलेली सवय त्याच वाटेवरची आहे.

चोळण्याचा फायदा आहे, आणि तो बराचसा हातांचा आहे. व्यायामानंतरच्या निरनिराळ्या उपायांवरील ९९ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी केलेल्या तुलनेत दुखरेपणा आणि थकवा या दोन्हींवर मालिश सर्वांत परिणामकारक ठरले. तेव्हा मुलीच्या पायांना तिळाचे किंवा खोबरेल तेल लावून पोटरीपासून मांडीकडे दहा मिनिटे हलक्या हाताने चोळा. गंधपुरा वापरायचेच असेल तर साध्या तेलात थोडे थेंब घालून, दुखऱ्या जागेपुरते, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी आणि वर पट्टा किंवा शेक न देता. रोज चोळावे लागत असेल तर सरावाचा आराखडा चुकतो आहे असे समजून प्रशिक्षकांशी बोलावे. नडगीच्या हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर दुखत असेल तर ते स्नायूचे दुखणे नसून हाडाला गेलेली बारीक भेग असू शकते, अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नातवाविषयी तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझे मन तिथेच अडकले. या तेलाचा सुवास गोड असतो, मुलांना तो गोळीबिस्किटासारखा वाटतो. एका चहाच्या चमच्यातील गंधपुरा तेलात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे मोठ्या माणसाच्या ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके, आणि चार वर्षांच्या मुलासाठी तेवढे प्राणघातक ठरू शकते. बाटली आज रात्रीच मुलीच्या उशाशेजारून उचला, झाकण घट्ट लावा आणि कुलपाच्या कपाटात ठेवा.